गिरणेच्या पात्रात सोळा बाय आठ

"ताई, बीच व्हॉलीबॉलची टुर्नामेंट ठेवली आहे. इंटरनॅशनल नियमांनी. पंच म्हणून तू ये."

संजू माझा मामेभाऊ, भडगावजवळच्या एका शाळेत पीटीचा सर. मी विचारलं, "अरे, तुमच्याकडे बीच कुठला?" तो म्हणाला, "मग गिरणा काय कामाची?"

मी हसले खरी, पण त्याचं काही चुकत नव्हतं. १९९६ साली अटलांटाला हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हाही समुद्र बराच लांब होता. लंडनला २०१२ साली हॉर्स गार्ड्स परेडच्या मैदानावर वाळू आणून ओतली. पॅरिसला २०२४ साली आयफेल टॉवरच्या पायथ्याशी. मोठ्या मोठ्या मॅच बिनसमुद्राच्याच होतात. आमच्या गिरणेला निदान वाळू तरी स्वतःची आहे (होती, असं मामा म्हणतात. ट्रॅक्टरांची गोष्ट पुढे येईलच).

मी विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल टीममध्ये सेटर होते, म्हणजे फटका मारणारीला बॉल उचलून देणारी. आता ठाण्यात नोकरी, गुडघा आणि रात्री जागून मोबाइलवर बीच व्हॉलीबॉलच्या मॅच बघणं, एवढंच उरलंय. सुट्टी टाकली. संक्रांत नुकतीच झाली होती.

दिवस पहिला: चाळणी आणि नवार

पाचोऱ्याला पहाटे उतरले. स्वेटर असूनही दात वाजत होते. मुंबई-ठाण्याच्या लोकांना सांगून ठेवते, जानेवारीत खानदेशात जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाला नको. दुपारी त्याच अंगावर ऊन चटके देतं, तेव्हा टोपीही लागतेच.

संजू मोटारसायकल घेऊन आला होता. स्टेशनबाहेर चहा झाला आणि निघालो. दोन्ही बाजूंना हरभरा, दादर ज्वारी, मधेच केळीचे बाग आणि शेवटच्या वेचणीला आलेली कपाशी. घरी मामींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पन्नाशीला आले तरी हे चुकत नाही. मग ज्वारीची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. सकाळी नऊ वाजता. शेवभाजीचा रस्सा इतका जहाल होता की प्रवासाची झोप तिथेच उडाली.

नदीवर गेले तर ग्राउंड तयार. आखलेलं १८ बाय ९, इनडोअरच्या, म्हणजे नेहमीच्या व्हॉलीबॉलच्या मापाचं. कडेला लोखंडी खुंट्या ठोकलेल्या, रेषांना चुना. संजूचा चेहरा फुललेला. मी टेप मागितला आणि तो उतरला.

बीचचं ग्राउंड १६ बाय ८ मीटर. पूर्वी तेही १८ बाय ९ असायचं. वाळूत दोघांनी मिळून एवढं क्षेत्र राखायचं म्हणजे बॉल जमिनीवर फार पटकन पडायचा, म्हणून लहान केलं. मधली रेषा नाही. नेटखालून पलीकडे पाय गेला तर चालतो, समोरच्याला अडथळा मात्र व्हायला नको. खुंट्या आणि चुना दोन्ही बाद, कारण खेळाडू रेषेवर उडी घेणार. रेषा म्हणजे ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी, ताणून बसवलेली, टोकं वाळूत खोल पुरलेली.

"पट्टी कुठून आणायची?" संजूने विचारलं. उत्तर मामांनी दिलं. माळ्यावर जुन्या पलंगाची नवार पडून होती. ती धुतली, पोरांनी ट्रॅक्टरला मारायच्या निळ्या रंगात बुडवली आणि बाभळीवर वाळत टाकली. टोकांना वाळूने भरलेल्या खताच्या गोण्या बांधून खड्ड्यात गाडल्या. मॅचभर कुणी कितीही आपटलं, पाय अडकला, तरी कुणाला खरचटलं नाही. युरोपातल्या पट्ट्यांपेक्षा आमची नवार टिकाऊ निघेल, असं माझं ठाम मत आहे.

खरं काम वाळूचं. नियम सांगतो की वाळू किमान ४० सेंटिमीटर खोल हवी आणि तीत खडे, शिंपले, काचा काही नको. घर बांधताना रेती चाळतात ती तिरपी जाळी आणली. वीस पोरं, सहा फावडी. दुपारपर्यंत बाजूला जो ढीग जमला त्यात गोटे होतेच, शिवाय बांगड्यांचे हिरवे तुकडे, दोन पणत्या, चपलेचा अंगठा आणि एक झिजलेलं नाणं, ज्यावर काहीच वाचता येत नव्हतं. नाणं एका पोराने खिशात टाकलं ते टाकलंच.

आणि चाळलेल्या वाळूचा ढीग बघून कुणीतरी फोन केला. तासाभरात तलाठीभाऊसाहेब हजर. गिरणेत कुणी वाळूला फावडं लावलं की आधी ट्रॅक्टरने वाळू चोरून नेण्याचाच संशय येतो, आणि त्याला कारणं आहेत. संजू सांगत होता, "साहेब, इथली वाळू इथंच राहणार. वर काढली, चाळली, परत टाकली." साहेबांनी ढीग पाहिला, नेट पाहिलं, माझ्या गळ्यातली शिट्टी पाहिली. मग म्हणाले, "मॅच किती वाजता?" दुसऱ्या दिवशी ते रेषेवरचे पंच होते, आणि उत्तम होते. मापाची सवय असलेला माणूस रेषेवर उभा केला की वाद होत नाहीत.

बॉल मी ठाण्याहून आणला होता. इनडोअरचा बॉल टणक असतो, हवेचा दाब ०.३०च्या पुढे. बीचचा ०.१७५ ते ०.२२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे अंगठा दाबला की जरा आत जातो. आकाराने किंचित मोठा. वाऱ्यात तो असा काही तरंगतो की पहिल्या सर्व्हिसला पोरं खालून नुसती बघत राहिली.

दिवस दुसरा: बोटं, पाठीमागची

सकाळी सातला वाळू बर्फासारखी. टोकियोला २०२१ साली उलटं होतं. वाळू इतकी तापली की पाण्याचे फवारे मारावे लागले. आमच्याकडे पोरांनी पराट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवून पाय शेकले.

मुलांच्या आठ जोड्या, मुलींच्या चार. संजूची इच्छा होती की सगळं 'वरच्यासारखं' व्हावं, म्हणून खळ्यावर बसून त्याला वरच्या पातळीवर कसं चालतं ते समजावलं. सगळा कारभार एफआयव्हीबी या जागतिक संघटनेचा. २०२२पासून बीच प्रो टूर चालते. सगळ्यात खाली फ्युचर्स, मग चॅलेंज आणि वर एलिट १६. गंमत अशी की गुण खेळाडूच्या नावावर जमतात. जोडीचे गुण म्हणजे दोघांची बेरीज. जोडी फुटली तर आपापले गुण घेऊन दुसरा जोडीदार शोधायचा. बेरीज कमी पडली की मुख्य स्पर्धेआधी पात्रता फेरी. एकाच सकाळी हरून परत जाणारे कितीतरी असतात, आणि खालच्या पायरीवर बऱ्याच जोड्या तिकिटाचे पैसेही स्वतःच घालतात.

मामा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे बैलजोडीसारखं. एकटा बैल कितीही दमाचा असो, भाव जोडीचा."

मी हे वाक्य नंतर तीन जणांना सांगितलं.

चार जोड्यांचा गट असला की टूरवर बऱ्याचदा असं करतात. आधी दोन मॅच, मग जिंकलेले जिंकलेल्यांशी आणि हरलेले हरलेल्यांशी. प्रत्येकाच्या दोनच मॅच होतात. गटात पहिला आला तो थेट पुढे, दुसरा-तिसरा दुसऱ्या गटाशी आडव्या मॅच खेळून पुढे. एकाच ग्राउंडवर दिवस उरकायचा असेल तर याहून सोयीची पद्धत नाही. गावोगावच्या आयोजकांनी जरूर वापरून बघावी. सेट आम्ही २१चा एकच ठेवला. फायनल मात्र पूर्ण, म्हणजे २१, २१ आणि लागला तर १५, दोन गुणांच्या फरकाने.

पहिल्या तासात मी गावातली सगळ्यात नावडती बाई झाले. आमची पोरं इनडोअर खेळून तयार झालेली. नेटवर बोटांनी अलगद बॉल पलीकडे सोडायचा, ही त्यांची हुकमी खेळी. बीचवर ती फाऊल. बोटांनी टिप चालत नाही. मूठ दुमडून बोटांच्या पेरांनी ढकला, नाहीतर तळहाताने मारा. सर्व्हिस वरच्या वर बोटांनी घेतली की बहुतेक वेळा डबल टच, फाऊल. नेटवर अडवताना, म्हणजे ब्लॉकला, बॉल लागला तर तो जोडीला मिळणाऱ्या तीन टचमधला पहिला, उरले दोनच. दर दोन मिनिटांनी माझी शिट्टी. मागून एक आजोबा म्हणाले, "ही बाई खेळू देई ऱ्हायनी का नही?"

मग मात्र त्यांनाच गोडी लागली. दोन्ही जोड्यांच्या गुणांची बेरीज सातच्या पटीत गेली की बाजू बदलायची, कारण ऊन आणि वारा कुणा एकाच्या वाट्याला येऊ नये. दुपारनंतर पात्रातून असा वारा सुटतो की एका बाजूची सर्व्हिस बाहेर जाते आणि दुसऱ्या बाजूची नेटच ओलांडत नाही. हे डोळ्यांनी दिसलं तेव्हा नियम पटला. पाचव्या मॅचपर्यंत सगळं गाव मोजत होतं आणि बेरीज चौदा झाली की माझ्या शिट्टीआधी ओरडा व्हायचा, "पालटा!"

मुलींच्या मॅचआधी थोडं वेगळंच प्रकरण झालं. कुणीतरी मोबाइलवर परदेशी मॅचचा व्हिडिओ पाहिला होता आणि खेळायला आलेल्या ललिताचे आबा तिला घरी न्यायला आले होते. "असले कपडे घालून?" मी त्यांना बाजेवर बसवलं. सांगितलं की कपड्यांचा नियम २०१२ सालीच सैल झाला, लांब बाह्या, लांब पँट सगळं चालतं. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तची दोआ एल्घोबाशी डोक्याला हिजाब बांधून, पूर्ण अंग झाकून खेळली. तिचा फोटो दाखवला. आबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. "आणि ही जिंकली का?" "नाही जिंकली." "मग?" "पण खेळली." आबा गेले नाहीत, तिथेच बसून राहिले. ललिता शाळेच्या ट्रॅकपँटमध्ये खेळली.

ललिताचे हात मी जवळून पाहिले ते सिग्नल शिकवताना. कपाशीच्या बोंडांनी बोटांची टोकं चिरलेली, त्यावर हळद. नेटजवळची खेळाडू पाठीमागे हात धरून मागच्या जोडीदाराला सांगते. एक बोट म्हणजे रेषेवरचा फटका मी अडवणार, दोन बोटं म्हणजे तिरका अडवणार, मूठ म्हणजे ब्लॉकला जाणारच नाही, मागे सरकणार. डावा हात समोरच्या डाव्या खेळाडूसाठी, उजवा उजव्यासाठी. ललिताला एका मिनिटात समजलं. मागे असणाऱ्या जयालाही समजलं. घोटाळा असा झाला की जयाच्याही मागे काठावर ललिताचा चुलतभाऊ बसला होता, त्यालाही समजलं. त्याचं समोरच्या जोडीशी सूत असावं. "दोन बोटं! दोन बोटं!" तो ओरडला. अशा भावाचं काय करायचं हे एफआयव्हीबीच्या पुस्तकात मला काही सापडलेलं नाही. मामांनी त्याला केळी आणायला पिटाळलं.

त्या मॅचमध्ये नेटपाशी दोन मुलींची जुंपलीही. बोट दाखवणं, आवाज चढणं, सगळं. मला पॅरिसची फायनल आठवली. ब्राझीलच्या आना पॅट्रिसिया-दुदा आणि कॅनडाच्या ह्यूमाना-परेदेस-विल्करसन, तिसरा सेट, नेटवर बाचाबाची, आणि डीजेने शांततेचं एक जुनं इंग्रजी गाणं लावलं. अख्खं स्टेडियम गायला लागलं, भांडणाऱ्या हसल्या. ब्राझील २६-२४, १२-२१, १५-१० असं जिंकलं. हे मी आमच्या साउंडवाल्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्याने मोका साधला, पण लावलं लग्नातलं अहिराणी नाचाचं गाणं. दोन्ही जोड्यांसकट सगळे नाचले. मॅच दहा मिनिटं थांबली.

रात्री भरीत. इथे मी घाई करणार नाही. वांगी हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातभर. शेकोटीत कपाशीच्या पराट्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणायचं नाही, असं मामींनी मला पुन्हा एकदा बजावलं. साल काढून गर लाकडी बडजीत घातला, वर भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, आणि मुसळीने ठेचायला सुरुवात. टोमॅटो नाही, मसाला नाही. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, वरून तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, काळपट आणि खमंग. लहान मुलांना वेगळं, बिनमिरचीचं. मला विचारलं, "तुला कुठलं?" मी स्वाभिमानाने तिखट घेतलं आणि रात्रभर पाणी पीत बसले. भरिताचा मोसम साधारण थंडी संपेपर्यंतच. मार्चमध्ये येऊन भरीत मागू नका, मिळेल पण ते नव्हे.

दिवस तिसरा: पानी उनं

पहाटे अंधारात दारावर थाप. "सर, नदीले पानी उनं!"

धरणातून पात्रात पाणी सोडणार असल्याची दवंडी आदल्या दिवशी झाली होती. ती आमच्या स्पीकरच्या आवाजात कुणी ऐकलीच नाही. दोष कुणाला द्यायचा? आम्ही काठावर गेलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. पात्रभर पाणी, फार खोल नाही, मांडीइतकं, पण वाहतं. मधोमध दोन खांब आणि नेट उभं, जणू मासे धरायला लावलंय. आमची चाळलेली वाळू, निळी नवार, गोण्या, सगळं खाली.

संजू काही बोलला नाही. पाण्यात शिरला आणि नेट सोडायला लागला. मागोमाग आठ-दहा पोरं.

(नदीच्या पात्रात काहीही करणार असाल, खेळ किंवा नुसतं जेवण, तर आधी ग्रामपंचायतीत आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाणी कधी सुटणार याची, चौकशी करा. रात्री पात्रात झोपायचा विचार तर करूच नका.)

वरच्या अंगाला वळणावर वाळूची एक उंच दांडी कोरडी राहिली होती. लांबीला भरपूर, रुंदीला कमी. भोवती निदान तीन मीटर मोकळी जागा हवी, ती एका बाजूला दीड मीटरच भरली, मग पाणी. चाळायला वेळ नाही, नवार नाही. रेषांना दावी बांधली. सगळ्यांना मोजे घालून खेळायला सांगितलं. मोज्यांना सगळे हसले. पण टूरवरसुद्धा वाळू तापली किंवा गारठली की खेळाडू खास मोजे घालतात. आमचे शाळेच्या युनिफॉर्मचे, पांढरे, एकाला भोक.

फायनल ललिता-जया विरुद्ध पलीकडच्या गावच्या दोघी. पहिला सेट ललिताने जवळजवळ एकटीने घेतला. दुसऱ्यात समोरच्यांनी शहाणपणा केला आणि प्रत्येक सर्व्हिस तिच्यावरच टाकली. हे अगदी वरच्या पातळीवरचं डोकं. जिच्यावर सर्व्हिस तिलाच पुढे पळत येऊन मारायचं असतं, दोनच जणी असल्यामुळे सुटका नाही. बदली खेळाडूही नाही. ललिताचे पाय जड होत गेले, सेट गेला.

तिसऱ्या सेटमध्ये ५-४ला ललिता बॉलमागे धावली, रेषेपलीकडे, थेट पाण्यात, आणि खाली बसली. मोज्यातून रक्त. गोटा. नियमाने खेळाडूला एका मॅचमध्ये पाच मिनिटांचा दुखापतीचा वेळ मिळतो. तेवढ्यात उभी राहिली नाही तर मॅच गेली, कारण जागा घ्यायला तिसरं कुणी नसतं. मी घड्याळ लावलं. मामी कमरेला खोचलेली हळदीची पुडी काढत आल्या (ती तिथे का होती हे मी विचारलं नाही). आबा काठावर उभे. मला वाटलं, आता घेऊन जाणार पोरीला. त्यांनी स्वतःचा रुमाल फाडला आणि पुढे केला.

चार मिनिटं वीस सेकंद.

पुढे जयाने जे केलं ते मी पॅरिसच्या स्वीडिश पोरांकडून पाहिलं होतं. ऑमान आणि हेल्विग, सुवर्णपदकवाले, उडी मारून जोडीदाराला बॉल उचलून देतात. समोरच्याला कळतच नाही की दुसऱ्याच टचला फटका येणार की पास. जया ते शिकलेली नव्हती. ललिता पळू शकत नाही म्हणून दुसऱ्या टचलाच, उडी मारून, जिथे जागा दिसेल तिथे बॉल टाकत सुटली. पाच गुण तसे घेतले. तरी हरल्या, १३-१५. शेवटचा बॉल दाव्यावर पडला की बाहेर, यावर तलाठीसाहेब गुडघ्यावर बसून वाळूतला ठसा बघत होते. दावं हललं होतं. "आत," ते म्हणाले. आपल्या गावाविरुद्ध. कुणी एक शब्द बोललं नाही.

मुलांची फायनल एकतर्फी झाली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. बक्षीस समारंभात चार भाषणं झाली, तेही सोडते.

संध्याकाळी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, पंगतीला दीडशे माणसं. हरलेल्या दोघी वाढत होत्या, एक लंगडत.

दिवस चौथा: पाटणादेवी आणि परत

परतीची गाडी चाळीसगावहून रात्रीची घेतली होती, म्हणून दिवस मोकळा. चाळीसगावपासून पाटणादेवी सुमारे १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढल्याचा शिलालेख पाटण्याला सापडला. पावसाळ्यात गर्दी असते. जानेवारीत देवळात पुजारी, आम्ही आणि माकडं. माकडांनी संजूच्या हातातली केळी नेली. गावाकडचा माणूस असून तो बेसावध, मी नाही.

चाळीसगावात स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता कलादालन. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावरच्या वस्तूंचे फोटो काढणारा हा माणूस. वेळ असेल तर तासभर काढाच, मात्र उघडं आहे ना याची आधी खात्री करून घ्या.

गाडीत बसल्यावर मामींचा डबा उघडला. भरीत, बिनमिरचीचं. म्हणजे त्यांना त्या रात्रीचं सगळं कळलं होतं.

तीन आठवड्यांनी संजूचा फोन. पाणी उतरलं. नवार सापडली, दोन किलोमीटर खाली एका बाभळीला गुंडाळलेली, निळा रंग शाबूत. ललिता-जया रोज संध्याकाळी पात्रात उतरतात आणि आबा चाळणी धरतात. "आणि ताई," तो म्हणाला, "तो बॉल तू विसरून गेलीस की ठेवून गेलीस?"

"हवा मारताना अंगठा दाबून बघ," मी म्हटलं.